धाकट्याचे जोडधंदे

माझा धाकटा भाऊ साठी ओलांडून गेला तरी त्याचे केस कमरेपर्यंत आहेत. म्हणजे मागचे. पुढून कपाळ सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलंय, पण मागचे त्याने हट्टाने राखलेत. लोक विचारतात, "तुमचे भाऊ काय करतात?" मी सांगते, "दिवसा दुकानांची शटरं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी तसाच आवाज गिटारमधून काढतो." हेवी मेटल म्हणतात त्याला. त्याने पहिली गिटार आणली तेव्हा मी म्हटलं होतं, नव्याचे नऊ दिवस. ते नऊ दिवस अजून संपलेले नाहीत.

त्याची शेड आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. पुढच्या भागात पत्र्याच्या पट्ट्या, तेलकट साखळ्या, ग्रीसचे डबे आणि भिंतीला टेकवलेल्या स्प्रिंगा. एकदा अशाच एका स्प्रिंगचा ताण सुटला आणि ती त्याच्या डाव्या हातावर बसली. अनामिका वाचली, पण जरा ताठ राहिली. मी विचारलं, "आता गिटारचं कसं?" तर म्हणाला, "काही फरक पडत नाही, ताई." मागच्या भागात भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेली खोली आहे. तिथे बँडची तालीम होते.

बँडमध्ये चौघं, पहिल्यापासून तेच. धाकट्याला ते खिळा म्हणतात, कारण तो एका जागी उभा राहिला की गाणं संपेपर्यंत तिथून हलत नाही. ड्रम वाजवणारा खरोखरच पोस्टमन होता, आणि त्याचं पोस्टमन हे नाव नोकरी संपली तरी सुटलं नाही. बेस वाजवतो तो मौनी. लग्नात तो "हो" म्हणाला असावा, असं आम्ही धरून चालतो. आणि गाणारा वाघ. अंगाने बेताचाच, पण तोंड उघडलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री गप्प व्हायची. हा वाघ आयुष्यभर वाचनालयात कामाला होता, आजही आहे, आणि दिवसभर लोकांना सांगतो, "हळू बोला."

माझं शिवणाचं दुकान. चौघांचे काळे शर्ट मी शिवले आणि वाघाचं जाड काळ्या कापडाचं जाकीटही. शिवताना आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली होती. कार्यक्रम आला की मी ते गुपचूप थोडं उसवते, सैल करते आणि इस्त्री फिरवून त्याच्या हातात देते. वाघ आरशात बघतो, पोट आत घेतो आणि म्हणतो, "बघ ताई, अजून पहिल्यासारखंच बसतं." मी म्हणते, "बसणारच." झाकली मूठ सव्वा लाखाची.

बँड हे धाकट्याचं घर, पण घरात त्याचा पाय ठरत नाही. बाहेर कुणी हाक मारली की गिटार उचलून निघाला. तो त्याला इंग्रजीत काहीतरी भारी नाव देतो, मी जोडधंदे म्हणते. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं, तसली गत. माझी भावजय बिचारी जेवण झाकून ठेवते आणि माझ्याशी येऊन बोलत बसते.

पहिला जोडधंदा बाहुल्यांच्या खेळाचा. खेळवाल्याला राक्षसाची पावलं हवी होती. धाकट्याने अशी पावलं वाजवली की पुढच्या दोन रांगांतली मुलं आयांच्या मांडीवर चढली आणि एकाने तर पँट ओली केली. खेळवाला डोक्याला हात लावून बसला. दुसऱ्या प्रयोगाला धाकट्याने राक्षसाला सर्दी करून टाकली. दोन पावलं आणि एक शिंक. मुलं हसून लोळली. ती शिंक गिटारवर कशी काढायची, हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग पोहण्याच्या तलावावरच्या एका प्रशिक्षकाने पाण्यातला नाच बसवला. धाकट्याने मोठा स्पीकर काठावर ठेवला आणि पहिलाच सूर लावला. स्पीकर थरथरत थरथरत सरकला आणि सगळ्यांच्या देखत पाण्यात गेला. नशीब, वायर आधीच निसटली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पण मुली पाण्यात तशाच नाचत राहिल्या आणि लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

त्यानंतर बँकेतला एक लाजाळू कॅशियर. तो बासरी वाजवायचा. दोघांनी मिळून अख्खा अल्बम केला. कॅशियरच्या बायकोने तो नीट बसून ऐकला आणि नवऱ्याला विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" धाकट्याला ते फार लागलं. बँडमध्ये चौघांनी एकदम गर्जायचं असतं. जोडधंद्यात दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागते, आणि तो ती सोडायला शिकला. वृद्धाश्रमातल्या मंडळींबरोबर त्याने गाणी बसवली तेव्हा मी ऐकायला गेले होते. एक आजोबा ओळ विसरले. धाकटा तेवढेच चार सूर फिरवत थांबून राहिला, घाई नाही, खूण नाही, आजोबांना शब्द सापडेपर्यंत. मला माझा भाऊ त्या दिवशी फार आवडला. तसं मी त्याला सांगितलं नाही, नाहीतर डोक्यावर बसला असता.

वाघाला मात्र हे जोडधंदे मुळीच खपायचे नाहीत. धाकटा तालमीला उशिरा आला की विचारायचा, "काय खिळ्या, आज कुठल्या सवतीकडे होतास?" सगळे हसायचे. वाघही हसायचा, पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या गावी. वाचनालय आणि बँड, एवढंच त्याचं जग. खिळा एक दिवस असाच बाहेर गेला आणि परत आलाच नाही तर, ही भीती त्याला आतून खात होती. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि त्याला ठाऊक नव्हतं की खिळा त्याच्यासाठी काय करत होता.

झालं असं की पन्नाशीनंतर वाघाचा आवाज उतरायला लागला. वरचे सूर लागेनात. हे त्याच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. वाघ नाकावर राग घेऊन फिरणारा माणूस, आणि त्याचा सगळा मान त्या गळ्यात. धाकट्याने यावर आपल्या परीने तोड काढली. वाघ तालमीला यायच्या आत त्याने आणि मौनीने आपापल्या तारा थोड्या सैल केल्या. बोटं नेहमीच्याच जागी, पण सूर खालचा. वाघ बघायचा तो धाकट्याचा हात, आणि हात जिथल्या तिथे! त्याला वाटायचं आपण पहिल्याच पट्टीत गातोय. वर्षं गेली तशा तारा आणखी सैल झाल्या, मग सैल तारा खडखडायला लागल्या म्हणून जाड तारा आल्या. वाघ खूश होऊन म्हणायचा, "आपला बँड आता कसा भारदस्त वाजतो!" मौनी खाली बघायचा. पोस्टमनला माहीत होतं, मला माहीत होतं. मी तर वर्षानुवर्षं त्याच माणसाचं जाकीट सैल करत आले होते, मी कशाला बोलते?

पुढे वाघाला दमही लागायला लागला. जोशातलं गाणं आलं की हात वर करायचा, "पोस्टमन, जरा हळू घे रे, मला दम लागतो." पोस्टमन हळू घ्यायचा. धाकटा चिडवायचा, "सिगारेटीचे उपकार!" सिगारेट वाघाने कधीच सोडली होती, पण तो उलटून बोलायचा नाही. वाघासारखा माणूस आणि उलटून बोलत नाही, याचं मला जरा नवल वाटायचं. पण वय झालं की माणूस निवतो, असं मी म्हटलं आणि सोडून दिलं.

साठीनंतर धाकट्याने ठरवलं की आता स्वतःच्या नावाचा अल्बम करायचा. नाव एकट्याचं, पण प्रत्येक गाण्याला वेगळा जोडीदार. कॅशियरची बासरी आली, वृद्धाश्रमातले आजोबा आले, राक्षसाची शिंकसुद्धा आली. शेवटचं गाणं त्याने राखून ठेवलं होतं: 'गंज', बँडचं सगळ्यांत जुनं गाणं. ते पियानोवर करायचं, बँडने साथ द्यायची आणि गाणार वाघ. पियानो वाजवणार होत्या शाळेतल्या संगीताच्या बाई. त्यांच्या खोलीचं शटर दुरुस्त करताना धाकट्याची आणि त्यांची ओळख झाली होती.

धाकटा स्वतः वाघाकडे बोलवायला गेला. वाघ म्हणाला, "आली का शेवटी घरच्या बायकोची आठवण?" आणि दुसऱ्याच दिवशी जाकीट घेऊन माझ्या दुकानात हजर. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "ताई, बटणं तेवढी घट्ट कर. त्या बाईंना दिसू दे, वाघ काय असतो." मी बटणं घट्ट केली आणि शिवण सैल केली.

इथे धाकट्याने एक गाढवपणा केला. वाईट हेतू नव्हता, सवयीनेच घात केला. इतकी वर्षं सैल तारा लावून तो वाजवत होता की त्याच्या कानाला तीच मूळ पट्टी वाटायला लागली होती. गिटार कुठेही उतरते, चढते. पियानो बसल्या जागेचा, तो कुणासाठी हलत नाही. वर्षानुवर्षं तारा सैल करत आलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही. त्याने बाईंना बँडची पहिली कॅसेट दिली, सगळे पंचविशीत असतानाची, आणि सांगितलं, "हे असंच." बाईंनी बिचाऱ्यांनी ते तसंच बसवलं, तीच पट्टी, तोच वेग.

रविवारी दुपारी आम्ही सगळे शाळेच्या संगीताच्या खोलीत जमलो. बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर मुलांनी काढलेली मांजर, पियानोवर धुळीचा कणही नाही. रेकॉर्डिंगची सामग्री धाकट्याने मांडली. पोस्टमनने एकच छोटा ड्रम आणला होता. मी जाकिटासाठी सुईदोरा घेऊन कोपऱ्यात बसले. वाघ बाईंच्या शेजारी उभा राहिला आणि सुरुवात व्हायच्या आधीच म्हणाला, "बाई, एक विनंती. जरा हळू घ्या. मला दम लागतो."

"हो, घेते ना," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सुरुवात केली. धाकट्याने गिटारची साथ धरली मात्र, कानात कुणी पत्रा ओढावा तसं झालं. बाई थांबल्या.

"तुमची गिटार उतरली आहे," त्या म्हणाल्या. "बरीच उतरली आहे."

धाकटा पांढरा पडला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. "प्रवासात... उतरली असेल," तो पुटपुटला. शेड तिथून दोन गल्ल्यांवर होती. त्याने तारा ताणायला सुरुवात केली. जाड तारा, त्या ताणवेनात. शेवटी वाघच म्हणाला, "राहू दे रे. बाई, नुसत्या पियानोवर घ्या, मी गातो."

त्याने पहिली ओळ गायली. दुसरी गायली. वर जायची जागा आली आणि आवाज फाटला. तो हसला, खाकरला, म्हणाला, "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईंनी हात थांबवले आणि अगदी प्रेमाने विचारलं, "एरवी तुम्ही किती खालून गाता?"

वाघाने आधी बाईंकडे पाहिलं. मग धाकट्याच्या गिटारवरच्या त्या जाड तारांकडे. मग मौनीकडे, आणि मौनीने नेहमीसारखं खाली पाहिलं. तेवढं पुरलं.

"कधीपासून?" वाघाने विचारलं.

"बरीच वर्षं झाली," धाकटा म्हणाला.

"आणि सगळ्यांना माहीत होतं. ताईलासुद्धा."

मला वाटलं आता हा गर्जेल, काहीतरी फेकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. वाघाने जाकीट काढलं, घडी केली, माझ्या मांडीवर ठेवलं आणि तो दार हळूच लावून निघून गेला.

तालमी बंद पडल्या. अंड्यांच्या पुठ्ठ्यांची खोली कुलपात. धाकटा दिवसभर शटरं ठोकायचा आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बिनकामाची कात्री उघड-मीट करत बसायचा. बाईंनी निरोप पाठवला की त्यांचा एक विद्यार्थी छान गातो, त्याला घेऊन गाणं पुरं करू. धाकटा म्हणाला, "'गंज' वाघाशिवाय होणार नाही. मग अल्बम राहिला तरी चालेल." इतक्या वर्षांचं स्वप्न, आणि हा माणूस कात्री वाजवत सांगतोय, राहिला तरी चालेल! मला त्याची दया आली आणि वाघाचा राग.

राग पोटात ठेवणं मला जमत नाही. मी सरळ वाचनालय गाठलं. वाघ तळमजल्यावर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा लावत होता. मी तोंड उघडलं तर त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. मग मी कुजबुजत भांडले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आवाज तुझा बसला, त्याने सांभाळून घेतलं, आणि वर तूच रुसलास?"

"ताई, त्याने मला सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "मी काय लहान मूल आहे?" आणि तो हनुवटीपर्यंत पोचणारा गठ्ठा उचलून जिना चढायला लागला. मी त्याच्या मागे. "चाळीस वर्षांची मैत्री," वाघ पायऱ्या चढता चढता बोलत होता, "आणि मला वाटायचं की निदान आवाज तरी माझा आहे. तोही यानेच सांभाळायचा? मग माझं काय राहिलं?" सगळ्यांत वरच्या मजल्यावर आम्ही पोचलो तेव्हा मी कठडा धरून धापा टाकत होते. वाघाने गठ्ठा कपाटात लावला आणि पुढचं वाक्य तसंच सुरू ठेवलं. त्याचा श्वास जरासुद्धा फुलला नव्हता.

मी त्याच्याकडे बघत राहिले. "वाघा," मी म्हटलं, "तुला दम लागतो ना रे?"

तो तिथल्याही पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "हळू बोल, ताई."

मी तिथून तडक पोस्टमनच्या घरी गेले. तो अंगणात सायकलची चेन पुसत होता. मी विचारलं, "वाघाच्या दमाची काय भानगड आहे?" आधी त्याने आढेवेढे घेतले. पण पोस्टमनला मी ओळखून आहे. चेनीवर लक्ष ठेवून तो म्हणाला, "ताई, खिळ्याच्या बोटावर स्प्रिंग बसली ना, त्यानंतर त्याला जुन्या वेगात वाजवता येईना. अनामिका मागे राहायची. त्याचं त्याला कळत नव्हतं, का मान्य करायचं नव्हतं, देव जाणे. तेव्हा वाघाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, हळू घेत जा, आणि खिळ्याने विचारलं तर माझ्या नावावर खपव. वाघाला दम लागतो म्हण."

"आणि धाकट्याला?"

"अजून माहीत नाही."

मी पायरीवर बसले. त्या रविवारी वाघाचा सगळ्यांसमोर पाणउतारा झाला होता. एका वाक्यात तो परतफेड करू शकला असता. मी खाली गातो, मग तुझ्या बोटाचं काय, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. जाकिटाची घडी केली आणि गेला.

हे धाकट्याला सांगावं असं फार वाटलं. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण सांगून मी त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसाच काढून घेतला असता, हे मला कळत होतं. मी एवढंच केलं. वाघाचं जाकीट वाचनालयात पोचवलं आणि खिशात चिठ्ठी-बिठ्ठी न घालता तोंडी सांगितलं, "रविवारी दुपारी बाईंच्या खोलीत. तो तुझ्याशिवाय करत नाही म्हणतोय. शिवण मी सैल केली आहे, इतकी वर्षं करत आले आहे, आता तेही ऐकून ठेव." वाघाने जाकीट उलटं करून शिवण पाहिली. बराच वेळ पाहिली. मग खांद्यावर टाकलं.

रविवारी बाई पियानोपाशी बसल्या होत्या, मौनी आणि पोस्टमन आपापल्या जागी, धाकटा दाराकडे न बघण्याचं सोंग करत होता. दार उघडलं. वाघ जाकीट घालून आला, तडक पियानोपाशी गेला आणि बाईंना म्हणाला, "मूळ पट्टी नको. खालून घ्या. किती खालून ते या खिळ्याला विचारा, माझा गळा त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पट्टी सांगितली. बाईंनी सूर दिला, गिटार मिळाली, आता कुठे कुणी पत्रा ओढत नव्हतं. धाकट्याने ताठ अनामिका तारेवर टेकवली आणि मान हलवली.

"थांबा," वाघ म्हणाला. "बाई, जरा हळू घ्या हं. मला दम लागतो."

"सोड आता त्या सिगारेटी!" धाकटा हसून म्हणाला.

"सोडतो," वाघ म्हणाला.

पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर ड्रमवर वळवली. मला रडू आवरेना, म्हणून मी सुई ओवायला घेतली. बाईंनी हळू सुरुवात केली, आणि वाघ गायला लागला.